गार्थला काही आठवत नाही

कॅरालाँग,
रविवार, ७ जुलै १९६८

नोला,

गार्थचा जबडा कसा आहे, ते आधी कळव. बाकी सगळं नंतर.

काल फुटबॉलची मॅच संपल्यावर तुला भेटायला येणार होते, पण माझ्या चहाच्या खिडकीपुढची रांग संपेना. हरल्यावर आमच्या लोकांना भूक जास्त लागते. तोवर तुमच्या गाड्या निघून गेल्या होत्या.

तुझ्या मुलाने काल आमच्या बचावाची दाणादाण उडवली. तो उंच उडी मारून दोन गड्यांच्या खांद्यांवरून चेंडू झेलायचा, तेव्हा आमचेच लोक शिव्या देता देता गप्प व्हायचे. म्हातारा ऑस्कर लिंच खिडकीशी उभा होता. म्हणाला, "इल्मा, हे पोरगं तुझ्या क्लेमवर गेलंय गं. आपल्याकडे का नाही जन्माला घातलंत?" मी म्हटलं, "त्याच्या आईला विचार. टूलमला दिलेली मुलगी आहे, परत मागायची राहिली."

मग ते झालं. मी पाहिलं, म्हणून लिहिते. चेंडू पार पलीकडच्या गोलच्या खांबांपाशी होता, सगळ्यांचे डोळे तिकडे. गार्थ आमच्या बाजूला एकटा उभा होता, हात कमरेवर. ट्रेव्हर हॅनाफर्ड त्याच्या मागून आला आणि कोपर घातलं. गार्थला ते येताना दिसलंसुद्धा नाही. तो पडला तो हात पुढे न करता पडला. असं पडणं मी पूर्वी पाहिलेलं आहे.

आणि मैदानाभोवती लावलेल्या आमच्या गाड्यांचे भोंगे वाजले गं, गोल झाल्यासारखे. रांगेतला एकजण ओरडला, "शाब्बास ट्रेव्ह! आता मार उड्या!" मी त्याच्या कपात चहा ओतत होते. अर्ध्यावर थांबवला आणि तसाच दिला.

तुमच्या माणसांनी ओला स्पंज फिरवला, नाकाशी नवसागराची बाटली धरली आणि शेवटच्या क्वार्टरला त्याला परत आत पाठवलं. त्याने जिंकून देणारा गोलही मारला. सगळे म्हणतात केवढी ही जिगर. असेल. पण मला तो गोल मारल्यावर कुठे जावं ते न कळल्यासारखा वाटला.

बाजूच्या पंचाने हॅनाफर्डचं नाव नोंदवलंय म्हणतात. चौकशी होईल. आमचा माणूस आहे, पण त्याला शिक्षा व्हावी असं मला वाटतं. हे इथे कुणाला सांगू नकोस, मला याच गावात राहायचंय.

तुझी वहिनी,
इल्मा


टूलम,
शुक्रवार, १२ जुलै

वहिनी,

जबडा शाबूत आहे. सुजला होता, आता पिवळा पडलाय. तू किती काळजी करतेस! तुला मूल नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलाची जास्त करतेस, असं माझा वॉल म्हणतो. रागावू नकोस, तो प्रेमानेच म्हणतो.

बुधवारी चौकशी झाली. हॉल गच्च भरला होता. तुमचे लोक एका बाजूला, आमचे दुसऱ्या. हॅनाफर्ड टाय लावून आला होता, बैलाला रिबीन बांधावी तसा. अध्यक्षांनी गार्थला उभं केलं, विचारलं, "बर्चेट, तुला कोणी मारलं?"

गार्थ म्हणाला, "मला काही आठवत नाही, साहेब."

"काहीच नाही?"

"नाही साहेब. काहीच नाही."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. त्यांनाही हसू आवरत नव्हतं. आमच्याकडे मारणाऱ्याचं नाव कधी कुणी घेतलंय, सांग! पंचाला एकट्याला कोण विचारतो? हॅनाफर्ड मोकळा सुटला. बाहेर आल्यावर त्याने टोपी काढून गार्थचा हात हातात घेतला. तुमची माणसंसुद्धा त्याची पाठ थोपटत होती. वॉलच्या डोळ्यांत पाणी होतं, वहिनी. मेंढरं वाहून गेली त्या वर्षीही तो रडला नव्हता. सगळ्यांनी क्लेमदादाची आठवण काढली. तो पण असाच उभा राहायचा ना, असंच सांगायचा?

गंमत सांगते. मॅचनंतर रविवारी सकाळी हा न्याहारीला आला आणि बापाला म्हणतो, "काय, काल कोण जिंकलं?" वॉल आदल्या संध्याकाळपासून दुसरं काही बोललाच नव्हता! आम्ही पोट धरून हसलो. त्याने तोंडावरची सुरकुतीही हलवली नाही. असा नकल्या आहे.

तुझी,
नोला


कॅरालाँग,
बुधवार, १७ जुलै

नोला,

इथेही सगळे गार्थचं नाव घेतात. हॅनाफर्डची आई दुकानात मला म्हणाली, "तुमच्या भाच्याने माझ्या मुलाचा हंगाम वाचवला." मी मान हलवली.

तुझं पत्र मी परत परत वाचलं. त्या न्याहारीच्या गमतीपाशी अडते. तुम्ही हसलात, मग तोही हसला का? की तुम्ही का हसताय ते बघत बसला?

माझं एक काम कर. त्याला त्या दिवसाचं मैदानाबाहेरचं काहीतरी विचार. मॅचला कुणाच्या गाडीतून आला, वाटेत कुठे थांबले, दुपारी काय खाल्लं. मॅचचं विचारू नकोस. त्याला ते सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलंय की आता पाठ झालं असेल.

फोनच केला असता, पण तुमच्या एक्स्चेंजवरची बाई आपलं बोलणं आपल्याआधी गावाला सांगते.

इल्मा


टूलम,
सोमवार, ५ ऑगस्ट

वहिनी,

उशीर झाला. कोकरं जन्माला येताहेत, त्यात पाऊस. हाताला लोकरीचा वास येतो तो साबणानेही जात नाही.

आम्ही ओळीने जिंकतोय, पण गार्थचा खेळ तोच राहिला नाही. लोक बोलतात. कसाई परवा काउंटरवरून मोठ्याने म्हणाला, "बर्चेटबाई, पोरगं हल्ली उडी मारत नाही. चेंडूची वाट बघत उभं राहतं, बस यायची असल्यासारखं." मी म्हटलं, "तू खेळायचास तेव्हा बससुद्धा तुला ओलांडून जायची." हसले सगळे. पण घरी आल्यावर कळलं, मांस काउंटरवरच राहिलं.

एका मॅचला त्याने चेंडू घेतला आणि उलट्या दिशेला पळाला, आपल्याच खांबांकडे. विरोधी गडी इतके चकित झाले की कोणी अडवलं नाही. शेवटी आमचाच कप्तान त्याला आडवा गेला. लोक लोटपोट झाले. वर्तमानपत्रात 'बर्चेटची थट्टा' असं छापून आलंय.

मला वाटतं मुलीचं प्रकरण आहे. संध्याकाळी अंगणात गाडीत बसून राहतो, आत येत नाही. डोकं दुखतं म्हणतो. कुत्र्यावर ओरडला, ज्या कुत्र्याला स्वतःच्या ताटातलं घालायचा. परवा फाटक उघडं टाकलं आणि मेंढे नको तिकडे शिरले. सात वर्षांचा असतानाही त्याने असं केलं नव्हतं. वॉल म्हणतो प्रेमात पडला की सगळे गाढव होतात, मीही झालो होतो.

तू सांगितलंस तसं विचारलं. मॅचच्या दिवशी दुपारी काय खाल्लंस? थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, मग हसला. म्हणाला, "आई, मैदानावरचं मैदानावर ठेवायचं असतं." बघ, किती हुशार.

नोला


कॅरालाँग,
रविवार, ११ ऑगस्ट

नोला,

हे पत्र बसून वाच, आणि वॉल घरात नसताना वाच.

दुपारचं जेवण मैदानावर होत नाही गं. त्याला ते आठवत नाही. चौकशीतही तो कुणाला वाचवत नव्हता. त्याला विचारलं, त्याने खरं सांगितलं. तुम्ही सगळ्यांनी त्याच्या खरेपणाला मोठेपणा समजून टाळ्या वाजवल्या. आता तो ते वाक्य ढालीसारखं वापरतोय, कारण त्याने बघितलंय की ते म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही.

मला कसं कळलं? मी हे पूर्वी जगले आहे.

क्लेमही प्रत्येक चौकशीत असाच उभा राहायचा. मीसुद्धा मागे बसून अभिमानाने फुगायचे. एकदा घरी आल्यावर मी लाडाने विचारलं, "आता तरी सांग, कोणी मारलं?" तो खाटेच्या कडेवर बसला आणि रडायला लागला. म्हणाला, "इल्मा, मला खरंच माहीत नाही. मॅच कुणाशी होती?" आणि मग दोन्ही हात धरून म्हणाला, कोणाला सांगू नकोस, मला संघातून काढतील. मी नाही सांगितलं. पुढच्या शनिवारी तो खेळला. आणि त्याच्या पुढच्या.

शेवटच्या वर्षांतलं तू बघितलंस ते लांबून बघितलंस. तो चालताना झुकायचा, शब्द जिभेवर अडकायचे, भर रस्त्यात उभा राहून कुठल्या दिशेला घर ते विचारायचा. लोकांनी ठरवून टाकलं की पितो. जे त्याच्या जवळही कधी गेले नाहीत, त्यांनाही दारूचा वास यायचा. अंत्यविधीनंतरच्या चहाला तू म्हणालीस, "माझ्या भावाला बाटलीने खाल्लं." मी ताटल्या गोळा करत होते. लोक होते, म्हणून बोलले नाही. त्याच्या शेवटच्या वर्षांत आमच्या घरात बाटली नव्हती, नोला. त्याचे बूट कोणते आणि माझे कोणते हे तो रोज सकाळी मला विचारायचा.

तो झोपल्यावर मी वाचायचे. टपालाने पुस्तकं पाठवणाऱ्या वाचनालयाकडून मी एका डॉक्टरचं पुस्तक मागवलं होतं, मुष्टियोद्ध्यांच्या डोक्यांवरचं. शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. सगळं समजलं असं म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्यात स्पष्ट लिहिली आहे. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर तो हलका असला तरी माणूस उठेलच असं नाही. क्लेमला त्या टोकाला पोचायला वीस वर्षं लागली. प्रत्येकाला तेवढी मिळत नाहीत.

गार्थला या वर्षी परत मैदानात उतरू देऊ नकोस. मेलबर्नला डोक्याच्या डॉक्टरकडे ने. माझं ऐक.

इल्मा


टूलम,
गुरुवार, २२ ऑगस्ट

इल्मावहिनी,

तुझं पत्र मी वॉलला दाखवलं. नवऱ्यापासून लपवून वाचायची पत्रं मला नकोत. त्याने ते क्लबात नेलं आणि सगळ्यांपुढे वाचलं. प्रशिक्षक म्हणाला, "कॅरालाँगला आमचा गडी मैदानात अडवता येईना, म्हणून आता बायकांकडून पत्रं लिहून घेताहेत." हॉल हसून हसून पडला. मी बशा पुसत उभी होते.

आता खरं सांग. हे तुझं तुला सुचलं, की तुमच्या कमिटीने बसवून लिहून घेतलं? फायनलला तुम्ही आणि आम्हीच येणार हे शेंबड्या पोरालाही दिसतंय. तुमच्याकडे गार्थला धरणारा माणूस नाही, हेही दिसतंय. तुझ्या चहाच्या खिडकीत हेच बोलणं चालतं ना सगळा दिवस?

आणि त्यासाठी तू दादाला मध्ये आणलंस. तो माझा भाऊ होता. त्याला काय झालं होतं ते साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे, आणि आम्ही तोंड मिटून ते सोसलं. आता तू त्याच्या दारूला पुस्तकातलं नाव देतेस आणि माझ्या मुलाच्या डोक्यावर ठेवतेस. तुला मूल असतं तर असं लिहायला हात धजला नसता.

दादाबद्दल मला पुन्हा लिहू नकोस. काहीच नाही लिहिलंस तरी चालेल.

नोला


कॅरालाँग,
रविवार, १५ सप्टेंबर

नोला,

पाकीट फोडशील की चुलीत टाकशील माहीत नाही. तरी लिहिते.

काल आम्ही जिंकलो. येत्या शनिवारी तुम्ही आणि आम्ही. पहिल्या क्वार्टरनंतर सगळे जातात तशी मीही मैदानात गेले, प्रशिक्षक काय बोलतो ते ऐकायला. माणसं, बायका, कडेवरची पोरं, सगळी खेळाडूंभोवती कोंडाळं करून उभी होती. आमचा प्रशिक्षक कालच्या मॅचबद्दल थोडंच बोलला. पुढच्या आठवड्याचंच त्याच्या डोक्यात होतं. हॅनाफर्डच्या छातीवर बोट ठेवून म्हणाला, "बर्चेटचं डोकं पूर्वीसारखं राहिलेलं नाही. त्यांच्याच क्लबात पत्र वाचून दाखवलंय. सुरुवातीलाच एकदा वाजव. परत उठणार नाही." लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "आणि त्याला काही आठवणारही नाही!" मग आणखी हसले.

मी तिथेच उभी होते, नोला. माझेच शब्द होते. तुझ्या मुलाला वाचवायला लिहिलेले, वॉलने वाचलेले, तुमच्या कोणाच्या तरी तोंडून बिअरबरोबर इकडे आलेले.

हॅनाफर्ड हसला नाही. बुटाची नाडी बांधत राहिला. याचा अर्थ काय घ्यायचा मला कळत नाही.

मॅच संपल्यावर मी प्रशिक्षकाला गाठलं. म्हटलं, तो पोरगा मरेल. तो म्हणाला, "मिसेस पॅस्को, तुम्ही टूलमच्या पोराची मामी की कॅरालाँगची बाई, ते एकदा ठरवा. आणि केक करपतोय बघा." मी चहाच्या खिडकीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. चौकशीच्या अध्यक्षांना भेटले. ते म्हणाले, तक्रार घडलेल्या गोष्टीची होते, न घडलेल्या गोष्टीची कशी लिहून घेऊ?

फायनलला मला कोणी गाडीत घेणार नाही, आणि मला चालवता येत नाही. आले असते तरी तुमच्या बाजूला मला कोणी उभं केलं नसतं.

मला खोटारडी समज. क्लेमला दारुड्या समज. त्याला आता काही फरक पडत नाही आणि मीही सोसेन. फक्त शनिवारी गार्थला घरी ठेव.

इल्मा


मेलबर्न,
सोमवार, २३ सप्टेंबर

वहिनी,

मी इथे वॉलच्या चुलतबहिणीकडे उतरले आहे. वॉल आलेला नाही. डॉक्टर उद्या बघणार आहेत. गार्थ शेजारच्या खोलीत झोपला आहे. हल्ली तो भर दिवसा झोपतो.

तुझं पत्र मला बुधवारी मिळालं. फोडलं. वाचलं. डब्यात पिठाखाली ठेवलं. या वेळी वॉलला दाखवलं नाही. तरी मी काही केलं नाही, हे तुला आधी सांगते. मला अजूनही वाटत होतं की तू आम्हाला घाबरवते आहेस.

शुक्रवारी दुपारी मी फायनलसाठी सँडविच बांधत होते. गार्थ दारात येऊन उभा राहिला. किती जण येणार विचारलं. मी नावं घेतली. म्हणाला, "आणि मामा? क्लेममामाला पुढच्या सीटवर बसव. त्याला मागे बसून मळमळतं." मी सुरी खाली ठेवली. तो चिडवत असेल म्हणून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो बुटाला मेण लावत होता, शांतपणे. वॉल मागून म्हणाला, "काय थट्टा करतो हा पोरगा!"

मीही थट्टेत सामील आहे असं सोंग केलं. म्हटलं, बसवते हं.

मी वॉलच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तो म्हणाला, अख्खं गाव चाळीस वर्षं या फायनलची वाट बघतंय, आणि तू कॅरालाँगचं विष घरात शिंपडतेस? प्रशिक्षकाला सांगितलं. तो म्हणाला, "सोमवारी नक्की डॉक्टरकडे नेऊ, ताई. शनिवार होऊ द्या." गार्थला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आणि सकाळी सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसला.

आता ऐक. तुमच्या ट्रेव्हर हॅनाफर्डने हात उचलला नाही. मी बघत होते, दुसरं काही बघतच नव्हते. त्याला संधी होती, पंचांची पाठ होती, तुमचे लोक गाड्यांतून ओरडत होते, "आता ट्रेव्ह, आता!" एकदा तो आला खरा, वेगात आला, कोपर वर. आणि गार्थजवळ येऊन थांबला. चेंडू वरून येत होता आणि गार्थ त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. चेंडू त्याच्या पायाशी पडला, उडाला, बाजूला गेला. गार्थ समोरच्या झाडांकडे बघत होता. हॅनाफर्डने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी विचारलं. मग आमच्या बाकाकडे वळून त्याने दोन्ही हात हलवले, या, या, म्हणून. आमच्या लोकांना वाटलं तो खिजवतोय. त्याला अंडी फेकून मारली.

क्वार्टर संपल्याचा भोंगा वाजला आणि सगळे मैदानात निघाले तशी मीही निघाले. कोंडाळ्यात घुसले. प्रशिक्षक ओरडत होता, "बर्चेट, कुठे आहे तुझं लक्ष? उडी मारायला आईला बोलावू का?" लोक हसले, कारण मी तिथेच पोचले होते. मी गार्थच्या बाहीला धरलं आणि चालायला लागले.

एका क्षणात सगळं थांबलं. मग सुरू झालं. वॉलने हाक मारली, आयुष्यात कधी मारली नाही अशी. ज्या बायकांबरोबर मी वीस वर्षं बशा पुसल्या, त्यांनी वाट सोडली नाही, खांद्याने ढकलून जावं लागलं. सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजायला लागले, तुमच्याही आणि आमच्याही. कोणीतरी माझ्या पाठीवर थुंकलं. आता टूलममध्ये मला कोणी पाव विकेल की नाही, मला माहीत नाही. आम्ही हरलो म्हणे.

पण मला तुला सांगायचंय ते हे नाही.

वहिनी, मी त्याची बाही धरली तेव्हा मी तयारीत होते. मला वाटलं होतं, तो हात झटकेल. शिव्या देईल. फायनल आहे, आई, वेड लागलं का, म्हणेल. चार माणसांच्या ताकदीचा मुलगा आहे माझा, मी त्याला ओढू शकले नसते. मनातल्या मनात मी त्याच्याशी भांडत होते, त्याला काय उत्तर द्यायचं ते जुळवत होते.

त्याने हात झटकला नाही. तो माझ्याबरोबर चालत आला. भोंग्यांच्या आवाजाने एकदा डोळे मिटले, एवढंच. मी गाडीचं दार उघडलं, तो आत बसला, चिखलाच्या बुटांसह, आणि हात मांडीवर ठेवले. फाटक मागे पडलं, गाव मागे पडलं. मेलबर्नपर्यंत तीन तासांचा रस्ता होता. मी वाट बघत होते.

एकदाही त्याने विचारलं नाही, आई, आपण कुठे चाललोय.

नोला